सावली आडवी झोपली

वारासिवनीहून कटंगीकडे जाणाऱ्या बसमध्ये मंगळवारी बायकांच्या पिशव्यांत एक नवीनच वस्तू दिसू लागली होती. कॅमेऱ्याचं रीळ. मोबाइल आल्यापासून जे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, ते रीळ लोक आता मोबाइलवरूनच मागवत आणि लेकराचं औषध न्यावं तसं जपून नेत. पुनाराम महाराज नारळ घेत नसत, पैशाला शिवत नसत. भक्ताने फक्त एक रीळ आणायचं. एका रिळात छत्तीस फोटो निघतात, भक्ताचा निघायचा एक. उरलेल्यांचं काय होतं, हे कुणी विचारत नव्हतं. देवाच्या दारात भागाकार करणं बरं दिसत नाही.

दार म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम. खिडक्यांना काळं कापड, मधे एक स्टूल, स्टुलासमोर महाराज. महाराज घरचे मराठीच, पण चमत्कार हिंदीतून करायचे.

"मोबाइल में क्या दिखता है? गोरापन दिखता है. सच नहीं दिखता. और फिलम में क्या होती है?"

"चांदी," रांग एका सुरात म्हणायची.

"चांदी के सामने छाया छुप सकती है?"

"नहीं, महाराज."

फिल्मवर चांदीचा थर असतो, हे खरंच आहे. महाराजांचं कसब तेच होतं. तीन थापा मारायच्या आणि मधे एक खरी गोष्ट पेरायची, म्हणजे तिच्या आधाराने तिन्ही उभ्या राहतात.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर त्यांनी एक ठोकळा चढवलेला असे. पूर्वी लग्नांत चमकायचा तसला फ्लॅश. बटण सरकवलं की त्यातून डासासारखा बारीक आवाज निघायचा, चढत चढत जायचा, आणि मग ठोकळ्याच्या पाठीवर लाल दिवा पेटायचा. "देवी जाग गई," असं महाराज पुटपुटले की रांगेतले हात जोडले जात. मग त्या अंधारात एकच लखलखाट. नंतर बराच वेळ प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे गोळे तरंगत, आणि ज्याला जो देव हवा तो त्याला त्या गोळ्यात दिसे.

फोटो हातात पडायचा पुढच्या मंगळवारी. ज्याचा साफ निघाला तो सुटला. ज्याला बाधा, त्याच्या फोटोत वरपासून खालपर्यंत काळी सावली उभी. मग अंगारा, उपास, आणि अर्थातच आणखी एक रीळ. बाहेर चिंचेखाली बसून लोक आपापल्या सावल्या मोजत, शेताची हद्द मोजावी तशा.

"तुही किती निघाली?"

"अर्धी. तुही?"

"माही तं कानापर्यंत आली, बाप्पा. फक्त चष्मा उरला."

अशाच एका मंगळवारी रांगेच्या कडेला डॉक्टर अलकनंदा उभ्या होत्या. बालाघाटच्या नोकरदार घरातल्या, पण वारासिवनीत दवाखाना घालून इथेच केस पांढरे केलेल्या. मंगळवारी आपल्या बाकावर माशीसुद्धा बसेना, तेव्हा पेशंट जातात कुठे हे बघायला त्या आल्या होत्या. पेशंट इथे भेटले. दम्याचे भेटले, साखरेचे भेटले, गुडघ्याचे तर जोडीने भेटले. सगळ्यांनी नमस्कार केला, दवाखान्यात कधी केला नव्हता इतक्या प्रेमाने.

"मॅडम, तुम्हीबी?" एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं. "काहून, तुमालेबी काही लागलं का?"

अलकनंदाबाईंनी पुनारामला ओळखलं होतं. बसस्टँडजवळ त्याचा स्टुडिओ होता. अर्ध्या वारासिवनीची लग्नं त्याच्याच फ्लॅशखाली लागली होती. मोबाइलने स्टुडिओ खाल्ला, तसा पुनाराम दाढी वाढवून महाराज झाला आणि तीच गिऱ्हाइकं परत आली. आधी ती फोटोत चांगली दिसावीत म्हणून यायची, आता नुसती दिसावीत म्हणून येत होती. एवढं बाईंना समजलं. सावली कशी येते, ते मात्र समजलं नाही. फोटो जवळून बघायला मिळाला नव्हता.

तो मिळाला दुसऱ्या दिवशी. मैनाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आली. मागे तिची रूपाली.

रूपालीला बारावीत असताना फेफऱ्याचा पहिला झटका आला होता, भर वर्गात. अलकनंदाबाईंनी तिला नागपूरला पाठवून तपासण्या करून घेतल्या, गोळ्या बसवल्या. त्यानंतर मुलगी पुन्हा पडली नव्हती. आपल्या हातून चांगलं झालेल्या कामांत बाई रूपालीला बरंच वरती धरत.

"रूपालीचं जमलं, बाई," मैनाबाई म्हणाली. "कटंगीचं घर. पोरगा मलाजखंडले ठेकेदाराकडं सुपरवाइजर हाये. खेमराज नाव."

"छान झालं. गोळ्या चालू आहेत ना?"

मैनाबाईने पुडा पुढे सरकवला. "घ्या ना, ताजे हायेत."

"मैनाबाई, गोळ्या."

"बंद केल्या, मॅडम," रूपालीच म्हणाली. "दिवाळीपासून."

"महाराज म्हन्ले," मैनाबाईने घाईने पुढचं सांगितलं, "एका अंगात दोन इलाज भांडतेत. गोळीनं सावली घट्ट धरते. अन् खरंच, गोळी सोडली अन् कशी उतरत गेली, तुमीच पाहा."

तिने पदराच्या गाठीतून तीन फोटो काढून टेबलावर मांडले. पहिल्यात रूपाली जवळजवळ नव्हतीच. एक कान, एक खांदा आणि वेणीचं टोक, बाकी काळं. दुसऱ्यात चेहरा बरोबर मधून कापलेला. तिसऱ्यात मुलगी पूर्ण, स्टुलावर बसलेली, डोळे जरा मिटलेले. हा तिसरा फोटो कटंगीला जाऊन आला होता. आजकाल या भागात सोयरिकीला पत्रिकेच्या आधी महाराजांचा साफ फोटो मागतात. तो दाखवल्यावरच खेमराजच्या आत्याने चहाचा कप तोंडाला लावला होता.

अलकनंदाबाईंनी चष्मा पुसून पहिले दोन फोटो जवळ घेतले. सावलीची कड सरळ होती, आखल्यासारखी. भुताच्या हातात पट्टी कुणी दिली असावी? आणि दोन्ही फोटोंत सावली एकाच बाजूने आत शिरलेली. हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं. त्यांच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी, कॅमेऱ्यावर लावायला फ्लॅश वेगळा विकत घेतला होता, तेव्हाच्या पहिल्या रिळात सासूबाई अशाच उभ्या कापल्या गेल्या होत्या. प्रभाकरराव मग कॅमेऱ्याचं माहितीपत्रक घेऊन आईची समजूत घालत बसले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "जाऊ नका."

घर दवाखान्याच्या मागेच. कपाटातून प्रभाकररावांची पिशवी निघाली. सेल काढून ठेवले होते म्हणून फ्लॅश वाचला होता. भिंतीवरच्या घड्याळाचे आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून बाईंनी त्यात भरले, कमी पडले ते शेजारून मागून आणले, फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवला. इतक्या वर्षांनी जागं व्हायचं म्हणून तो बराच वेळ कुरकुरला, मग आवाज चढत गेला आणि लाल दिवा लागला.

मैनाबाईने हात जोडले.

"हात खाली करा. ही देवी नाही, घड्याळाचे सेल आहेत."

तपासणीच्या खोलीचे पडदे ओढून बाईंनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत रीळ नव्हतं. फिल्म असते तिथे काळ्या कापडाचा छोटा पडदा दिसत होता.

"असे दोन पडदे आहेत," त्या म्हणाल्या. "पहिला सरकतो, फिल्म उघडी पडते. दुसरा मागून येतो, झाकून टाकतो. किती वेळाने यायचं, ते ही वरची चकती ठरवते. हा साठचा आकडा बघ, लाल रंगात आहे. साठवर ठेवलं तर पहिला पडदा पार पलीकडे पोचतो आणि मगच दुसरा निघतो. मधल्या क्षणी खिडकी सगळी उघडी. फ्लॅश तेवढ्यात चमकून जातो, फोटो पूर्ण येतो."

"अन् साठच्या पुढं?" रूपालीने विचारलं.

"पुढे वेग वाढतो. दुसरा पडदा घाई करतो, पहिला पोचायच्या आतच निघतो. मग खिडकी पूर्ण उघडतच नाही, दोघांमधली नुसती फट सरकत जाते. आणि फ्लॅश काही पडद्यासाठी थांबत नाही. तो चमकला तेव्हा जेवढी फट उघडी, तेवढाच फोटो. बाकीचं पडद्याआड राहतं, काळं. सांगून काय उपयोग, तूच बघ. मागून डोळा लाव."

त्यांनी भिंगाचं छिद्र पूर्ण उघडलं, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला, चकती अडीचशेवर नेली आणि बटण दाबलं.

"पट्टी दिसली," रूपाली म्हणाली. "एवढीशी. कडेला."

"हा तुझा पहिला मंगळवार." चकती एकशे पंचवीसवर आली. लखलखाट.

"आधा."

"दुसरा मंगळवार." चकती लाल साठवर. लखलखाट.

रूपालीने डोळा काढून भिंतीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"उतरली भिंतीची बाधा," अलकनंदाबाई म्हणाल्या. "उपास नाही, अंगारा नाही. आणि भिंत गोळ्याही खात नव्हती."

मग मैनाबाईने डोळा लावला. एकदा बघून पुन्हा दाखवा म्हणाली. पुन्हा बघून तिने कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, ज्याचा आहे त्याला परत करावा तसा.

"हौ," ती म्हणाली. "दिसलं."

"मग गोळ्या आजपासून सुरू?"

"बाई, तुमचं खरं असन. मी काही येडी नाई. बसस्टँडचा पुनाराम मले आठवत नाई का? माह्या लग्नाचा फोटो त्यानंच काढलता." तिने तिसरा, साफ फोटो उचलला. "पन कटंगीवाले तुमच्या कॅमेऱ्यातून पाहाले येनार हायेत का? थे हा पाहतेत. हा खोटा झाला तं माह्या पोरीजवळ काय उरलं? तुमचा कागद? त्याच्यावर तं फेफरंच लिवलं हाये."

"मुलाला खरं सांगा. गोळ्या चालू ठेवल्या तर पुष्कळ जणींचे संसार नीट होतात. मी बोलते त्याच्याशी."

"अन् तिथं सासूसमोर गोळी खाल्ली, अन् थे म्हन्ली काहून खातेस, तं?" मैनाबाई पुढे वाकली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तुमच्या ऋताच्या टायमाले असं असतं, तं तुमी सांगितलं असतं का, बाई? खरं सांगा."

ऋता म्हणजे बाईंची मुलगी, पुण्याला दिलेली. अलकनंदाबाईंनी "सांगितलं असतं" असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते उघडायला जरा उशीर झाला. मैनाबाईला तेवढा उशीर पुरला. तिने फोटो पदराला बांधले, पोरीला उठवलं. पेढे ठेवून गेली, आणि बाईंनी पुढे केलेली गोळ्यांची पाकिटंही तिथेच ठेवून गेली.

त्यानंतर बाईंनी काय काय केलं? रूपालीच्या मोबाइलवर फोन केला, तो मैनाबाईने उचलला. गावच्या आशाताईकडून निरोप धाडला. आशाताई निरोप घेऊन गेली आणि जाताजाता स्वतःचं रीळही घेऊन गेली, तिला मूल होत नव्हतं. पोलीस चौकीत सांगून पाहिलं. तिथल्या जमादाराने आदराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, पैसा लेता नहीं, हाथ लगाता नहीं. फोटो निकालना जुर्म तो नहीं है ना?" त्याच्या टेबलावरच्या काचेखाली त्याचा स्वतःचा साफ फोटो होता.

थोड्याच दिवसांत एका सकाळी मैनाबाई रूपालीला रिक्षातून घेऊन आली. भाकरी टाकताना मुलगी चुलीवर पडली होती. उजवा हात तव्यावर, आणि शुद्ध नसल्यामुळे तो तिथून काढून घेणारंही कुणी नव्हतं.

बाईंनी हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. बोलायचं ते सगळं आधीच बोलून झालं होतं आणि ते खरं ठरलं याचा त्यांना काडीचा आनंद नव्हता.

"कोणी इचारलं तं तेल उडलं म्हना," मैनाबाई म्हणाली.

"आता तरी गोळी द्या तिला."

"आता तं बिलकूल नाई. लग्न तोंडावर आलं, बाई."

पण हाताची बातमी कटंगीला पोचलीच. खेमराजच्या आत्याने निरोप पाठवला की नवा फोटो पाहिजे, आणि नुसता तोंडाचा नको, उभा, डोक्यापासून पायापर्यंत. मुलगी धड आहे का ते दिसलं पाहिजे. मंगळवारी तिने स्वतः गोदामात हजर राहून फोटो काढवून घेतला.

गुरुवारी पट्टी बदलताना रूपालीनेच विषय काढला. मैनाबाई बाहेर होती.

"मॅडम, या वेळी महाराजांनी कॅमेरा असा धरला." तिने डावा हात हवेत फिरवून दाखवला, आडव्याचा उभा.

बाईंचा हात थांबला. "नक्की?"

"हौ. आत्या म्हन्ली, पूरी दिसली पाहिजे. मंग त्यांनी पटकन फिरवला. जुनी आदत असन."

जन्मभर नवरा-नवरीचे उभे फोटो काढलेला माणूस. उभी मुलगी समोर आली की त्याचं मनगट आपोआप फिरणार. महाराज दाढीत राहत होते, मनगटात अजून स्टुडिओवालाच होता. आणि झटक्याची बातमी लागल्यावर साफ फोटो देणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणजे चकती साठच्या पुढेच असणार.

"म्हणजे, मॅडम," रूपाली विचार करत म्हणाली, "पडदा तर तसाच सरकन ना? कॅमेऱ्याच्या हिशोबानं?"

"तसाच."

"मग सावली...?"

"झोपेल," अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

मंगळवारी बाई दवाखान्याला कुलूप लावून निघाल्या. पिशवीत कॅमेरा आणि मनात एक भाबडी आशा, की डोळ्यांना दिसलं की माणूस मानतो. मैनाबाईच्या बाबतीत ती एकदा फसली होती, तरी शिकलेल्या माणसाची ही सवय लवकर जात नाही.

गोदाम भरलेलं होतं. पुढे खेमराजची आत्या, काठापदराच्या साडीत, निकाल ऐकायला बसावं तशी. खेमराज दारात, मोटरसायकलच्या चाव्या बोटात फिरवत. महाराजांनी पाकिटातून फोटो अर्धा बाहेर काढला आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर बसस्टँडचा पुनाराम येऊन गेला. ते पाकीट परत बंद करणार होते, पण आत्याने फोटो ओढूनच घेतला.

रूपाली उभी होती. डोक्यापासून कमरेपर्यंत स्वच्छ, आणि कमरेखाली काळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं. भाजलेला हात नेमका काळ्यात बुडाला होता.

"ही अशी काय?" आत्या म्हणाली. "आजवर तं उभी राहे."

"मी सांगते," अलकनंदाबाई पुढे झाल्या. "महाराजांनी या वेळी कॅमेरा फिरवला, म्हणून सावली फिरली. सावली पोरीच्या अंगात असती, तर पोरगी उभी असताना तिच्याबरोबर उभीच राहिली असती. ती कॅमेऱ्याबरोबर आडवी झाली, म्हणजे ती कॅमेऱ्यातली आहे. आत कापडाचे पडदे आहेत. फ्लॅश लावून चकती साठच्या पुढे नेली की पडदा फोटोत येतो. बास, एवढीच बाधा. महाराज, समोरच्या रिकाम्या स्टुलाचा फोटो काढा, मी सांगते त्या आकड्यावर. स्टुलालाही सावली धरेल."

मागे एकाने आपला फोटो खिशातून काढून आडवा धरून पाहिला. दुसऱ्याने त्याच्या खांद्यावरून मान घातली. अलकनंदाबाईंना वाटलं, झालं.

महाराजांनी डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा आतमध्ये पाणी होतं.

"मॅडमजी पढी-लिखी हैं," ते मायेने म्हणाले. "आँख से देखती हैं. सही देखा. छाया लेट गई." मग रांगेकडे वळून, हळू आवाजात, "खडी छाया कब लेटती है? जब थक जाती है. इस बिटिया की छाया थक गई. सो गई."

"सो गई," पुढची बाई म्हणाली.

"सो गई, सो गई," दारापर्यंत गेलं.

"अब इसको जगाना नहीं. गोली मत देना. गोली से जाग जाएगी."

रांगेचा श्वास सुटला. ज्यांच्या सावल्या अजून उभ्या होत्या ते हेव्याने रूपालीकडे बघू लागले. मागे बाईंना "तुम्हीबी?" विचारणारा म्हातारा तर हात जोडून पुढे आला. "माही कवा झोपन, महाराज?"

तेव्हा रूपाली हसली. आधी ओठ दाबून, मग दाबता येईना म्हणून मोकळी, भाजलेला हात छातीशी धरून. त्या रांगेत खरं ओळखून हसू शकणारी ती एकटीच होती.

आत्या दोन पावलं मागे सरली. "पाहा, पाहा. कशी हासून राह्यली. जागी झाली."

"ती हसतेय, कारण हसण्यासारखंच आहे," अलकनंदाबाई म्हणाल्या, पण एव्हाना बायका मुलीभोवती अंगारा घेऊन धावल्या होत्या. बाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला, झाकण उघडलं, या, बघा म्हणाल्या. एकट्या म्हाताऱ्याने उपकार म्हणून डोळा लावला. बघून त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यालेबी लागली हो."

बाहेर खेमराज मोटरसायकलशी उभा होता. बाई जवळून जाताना त्याने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, गोली से बंद होता है क्या?"

"पुष्कळांचं होतं. हिचं झालं होतं. गोळ्या सोडल्या म्हणून पडली."

त्याने मान हलवली. आणखी काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात आत्या येऊन मागे बसली, "चाल बाबू," म्हणाली, आणि त्याने किक मारली. कटंगीहून नंतर निरोप आला तो चांगल्या शब्दांतला होता. सध्या थांबू. झोपलेली आपल्या घरी येऊन जागी झाली तर जबाबदारी कुणाची?

मैनाबाईच्या गावात सगळ्यांचं एकमत झालं की डॉक्टरीणबाईंनी मुलीला कॅमेऱ्याचं पोट उघडून दाखवलं, त्याची ही फळं. दम्याचे पेशंट आता मंगळवारीच काय, बुधवारीही येईनात.

रूपाली मात्र आली. पट्टी सुटली होती, दोन बोटं नीट वळत नव्हती. मैनाबाई दवाखान्याच्या बाहेरच बाकावर बसली, रस्त्याकडे तोंड करून.

"मॅडम, तो कॅमेरा एकदा द्या."

बाईंनी पडदे ओढले, झाकण उघडलं, फ्लॅश लावला. या वेळी चकती रूपालीने स्वतः फिरवली, डाव्या हाताने. अडीचशे. एकशे पंचवीस. मग परत अडीचशे. ती बराच वेळ त्या बारीक फटीकडेच बघत होती.

"मतलब," ती म्हणाली, "त्या पयल्या फोटोतबी मी पुरीच बसली होती. फक्त दिसली नाई."

अलकनंदाबाईंनी मान डोलावली. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज कधी घ्यायच्या ते पुन्हा सांगितलं. रूपालीने त्या पिशवीत आणलेल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या.

दारात मैनाबाई उठली, पण वळली नाही. "काय देल्लं थे मले सांगू नका, बाई. मले माहीत नसलं, म्हंजे मी कोनाशी खोटं बोलली नाई."

राइस मिलच्या गोदामावर हल्ली एक नवी पाटी आहे: "यहाँ खड़ा फोटो नहीं निकाला जाएगा." पुनाराम महाराजांनी आयुष्यात लिहिलेली ही सगळ्यात खरी ओळ, आणि रांग तिच्याखालूनच आत जाते.

तुमच्याही गावाच्या रस्त्यावर कुणी चांदीत सावली पकडणारा बसला असेल. त्याच्याशी वाद घालू नका, वादात तो जिंकतो. एवढंच म्हणा, महाराज, कॅमेरा जरा उभा धरा. नाहीतर रिकाम्या स्टुलाचा फोटो काढा. तो नाही म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि हो म्हणून त्याने काहीही सांगितलं, सावली थकली म्हणाला, झोपली म्हणाला, तरी गोळी बंद करू नका. पोरीला घ्या आणि दवाखान्यात या. हात तव्यावर जायच्या आधी या.